रान आणि समुद्र : ऋतू चुकले की जिवांचे काय होते?



‘हवामान बदल’ हे शब्द आता शहरातल्या वर्तमानपत्रांत रोज येतात. पाड्यावर मात्र तो विषय वेगळ्या प्रश्नांच्या रूपाने येतो. मोह यंदा उशिरा का गळला? पहिल्या पावसात ओढ्याला मासे चढले, मग पंधरा दिवस पाऊसच नाही. त्यांच्या अंड्यांचे काय झाले असेल? बाजारात सुकट एवढी महाग का झाली? पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या एका आश्रमशाळेत मी विज्ञान शिकवते. हे प्रश्न मला मुले विचारतात आणि महिन्याच्या बैठकीला आलेल्या त्यांच्या आयाही विचारतात.

शहरातून भेटीला येणारे हितचिंतक दुसराच प्रश्न विचारतात. “बाई, एक-दीड अंशाने असे काय मोठे बिघडते? आपल्याकडे पहाटे आणि दुपारी दहा-बारा अंशांचा फरक तर रोजच पडतो!” दोन्ही बाजूंच्या प्रश्नांना उत्तर एकच आहे. प्रत्येक जिवाला राहण्याचा एक ठिकाणा असतो आणि जगण्याचे एक वेळापत्रक असते. हवामान बदलले की आधी हे दोन्ही विस्कटतात. नुसत्या उष्म्याने मरणारे जीव कमी. ठिकाणा आणि वेळ चुकल्याने उपाशी राहणारे, पिल्ले न होणारे जीव पुष्कळ. हे कसे घडते, ते आपल्या परिसरातली उदाहरणे घेऊन सांगण्याचा प्रयत्न करते.

एक अंश म्हणजे किती?

कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने आणि जंगले तोडल्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला आहे. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. आता तो ४२० भागांच्या पुढे गेला आहे. हा वायू उष्णता धरून ठेवतो. त्यामुळे १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. २०२४ हे वर्ष तर दीड अंशाची पातळी ओलांडणारे पहिले वर्ष ठरले.

आता पहाट आणि दुपारच्या फरकाचा मुद्दा. अंगणातली हवा रोज दहा अंशांनी चढते-उतरते, त्याने आपल्याला काही होत नाही. पण बाळाच्या अंगाचा ताप दीड अंशाने वाढला तर आई रात्रभर जागते. सरासरी तापमान हे असे अंगातल्या तापासारखे आहे. ते थोडे वाढले तरी उन्हाळ्याच्या लाटा, पावसाचा जोर आणि पावसातले खंड यांत मोठे फरक पडतात. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी अतिवृष्टी होण्याचे प्रसंग जवळजवळ तिप्पट झाले, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे.

जिवांपुढच्या वाटा

हवामान बदलले की कोणत्याही जिवापुढे मोजक्याच वाटा उरतात. एक, सोसेल अशा थंड जागी सरकणे. दोन, फुलण्याची, अंडी घालण्याची, स्थलांतराची वेळ बदलणे. तीन, आहे तिथेच निभावून नेणे. हे काहीच जमले नाही, तर नाहीसे होणे.

सरकणे तर जगभर सुरू झाले आहे. जमिनीवरचे प्राणी आणि वनस्पती सरासरीने दर दहा वर्षांत सुमारे १७ किलोमीटर ध्रुवांच्या दिशेने आणि सुमारे ११ मीटर डोंगराच्या वर सरकत असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आढळले. समुद्रात हा वेग आणखी जास्त आहे, कारण पाण्यात कुंपण नसते, रस्ता नसतो, धरणाची भिंत नसते.

पण वर सरकायला डोंगर तरी संपत नाही का? महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, त्याची उंची १६४६ मीटर. माथ्यावरच्या गारव्याला सवकलेल्या वनस्पतीने किंवा किड्याने त्याहून वर कुठे जायचे? बेटावरच्या प्राण्याचीही हीच गत. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला ब्रॅम्बल के नावाचे एक अगदी चिमुकले बेट आहे. तिथे उंदराच्या कुळातला एक प्राणी राहत असे, जगात आणखी कुठेही नाही. समुद्राची पातळी चढत गेली, वादळी लाटांचे पाणी वारंवार बेटावर आले, त्याचे खाद्य असलेली झाडोरी वाहून गेली. २००९ नंतर तो कुणाला दिसला नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने तो नामशेष झाल्याचे जाहीर केले. हवामान बदलामुळे संपलेला पहिला सस्तन प्राणी म्हणून त्याची नोंद झाली आहे.

रानातले वेळापत्रक

झाडे, पाखरे, मासे यांना ऋतू कळतो तो काही खुणांवरून. काही जीव दिवसाची लांबी ओळखतात, काही थंडी-उष्म्याची चढउतार, काही पहिला पाऊस. यातली दिवसाची लांबी कधी बदलत नाही. ती सूर्याच्या हिशेबाने चालते. उष्मा आणि पाऊस मात्र बदलले. त्यामुळे एकमेकांवर अवलंबून असलेल्या जिवांच्या भेटी चुकू लागल्या.

याचे नीट अभ्यासलेले उदाहरण युरोपातले आहे. कवड्या माशीमार नावाचा छोटा पक्षी हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेत राहतो आणि वसंतात पिल्ले वाढवायला हॉलंडला येतो. आफ्रिकेतून निघण्याची वेळ त्याला दिवसाच्या लांबीवरून कळते, म्हणून तो ठरलेल्या सुमाराला निघतो. पण हॉलंडमधली थंडी लवकर सरू लागल्याने झाडांवरच्या अळ्यांचा हंगामही लवकर येऊ लागला. पाखरू घरटे करून पिल्ले बाहेर येईपर्यंत अळ्या संपत आलेल्या. जिथे हा फरक सर्वांत मोठा होता, तिथे या पक्ष्यांची संख्या फार घटली. पक्षी निरोगी, जंगल शाबूत, नुसती भेट चुकली.

आपल्या रानात अशा भेटी किती आहेत, पाहा. फाल्गुन-चैत्रात मोह फुलतो. त्याच्या रात्री उमलणाऱ्या फुलांवर वटवाघळे येतात आणि परागीकरण होते. पहाटे फुले गळतात, ती आपल्या बायका-मुले वेचतात. अस्वल आणि भेकरही त्यावर येतात. पुढे फळे धरतात, त्यांच्या बियांपासून तेल निघते. या साखळीला त्या दिवसांत कोरडी, स्वच्छ हवा लागते. ऐन बहरात ढग येऊन पाऊस झाला तर फुले भुईवरच कुजतात, वाळत घातलेली काळी पडतात. आंब्याचे तसेच. त्याला मोहोर धरायला हिवाळ्यातल्या थंड रात्री लागतात. थंडी पुरेशी पडली नाही किंवा मोहोरावर अवकाळी पाऊस झाला की फळ कमी. मोह किंवा आंबा जागा सोडून चालू लागत नाही. आजचे रोप पन्नास वर्षांनंतरचे हवामान पाहणार आहे, आणि ते जिथे रुजले तिथेच उभे राहून पाहणार आहे.

पावसाळ्याच्या तोंडावरची दुसरी भेट म्हणजे वलगण. पहिल्या जोरदार पावसाने ओढ्या-नाल्यांना लोंढा आला की नदीतले गोडे मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, भातखाचरांच्या उथळ, कोमट पाण्यात शिरतात आणि अंडी घालतात. तिथे पिल्लांना बारीक खाद्य मिळते आणि मोठे शिकारी मासे फारसे नसतात. हे सारे एका विश्वासावर चालते: पहिल्या पावसापाठोपाठ दुसरा येईल, खाचर ओले राहील. आता पहिला पाऊस धो धो कोसळतो आणि मग लांब खंड पडतो. पाण्याच्या खुणेवर भरवसा ठेवून वर आलेले मासे खाचरात अडकतात, अंडी सुकतात. दुसऱ्या लोंढ्याला वर यायला पोटात अंडी असलेली मादी उरलेली असतेच असे नाही.

बेडकांचे दुखणे याहून नाजूक. सह्याद्रीत झाडाझुडपांवर राहणाऱ्या बेडकांच्या अशा जाती आहेत की त्यांच्या पिल्लांना पाण्यात पोहण्याची अवस्थाच नसते. पानांवर किंवा पाचोळ्यात घातलेल्या अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर पडतो. त्यासाठी कित्येक दिवस सलग ओल हवी. बेडकाची कातडी पातळ, तो तिच्यातूनही श्वास घेतो, म्हणून कोरडा खंड त्याला फार लवकर जाचतो. जगातल्या बेडूक-सॅलमँडरसारख्या उभयचरांपैकी सुमारे ४१ टक्के जाती आज धोक्यात आहेत. बेडूक कमी झाले की भातावरचे किडे खाणारा एक फुकटचा राखणदार कमी होतो, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

समुद्राच्या पोटात

आमच्या शाळेतल्या पुष्कळ मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो, जरी तो एसटीने काही तासांवर आहे. त्यांना मी विहिरीवरून समजावते. चैत्रात विहिरीत उडी मारली की वरचे पाणी कोमट लागते आणि पाय खाली गेले की गार. कोमट पाणी हलके, ते वर तरंगते. गार पाणी जड, ते तळाशी बसते. समुद्रातही असेच थर असतात. माशांच्या अन्नसाखळीची सुरुवात ज्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती-प्लवकांपासून होते, त्यांना ऊन हवे म्हणून ते वर राहतात, आणि त्यांचे खत असते खालच्या गार पाण्यात. वारा आणि प्रवाह पाणी घुसळतात तेव्हा ते खत वर येते.

पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्राने पोटात घेतली आहे. वरचा थर तापला, हलका झाला, आणि घुसळण कमी झाली. हिंदी महासागराच्या पश्चिम भागात गेल्या शतकभरात पृष्ठभागाचे तापमान १.२ अंशांपर्यंत वाढले आणि तिथले वनस्पती-प्लवक सहा दशकांत वीस टक्क्यांपर्यंत घटले, असा पुण्याच्याच संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निष्कर्ष आहे. चारा कमी झाला की गोठ्याचे काय होते, तेच इथे. शिवाय कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. जगभरच्या समुद्रातला प्राणवायू १९६० नंतरच्या पन्नास वर्षांत सुमारे दोन टक्क्यांनी घटला.

मासे याला सरकून उत्तर देतात. तारली हा मासा पूर्वी मुख्यतः केरळ आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावर मिळे. १९८०च्या दशकानंतर तो उत्तरेकडे आणि पूर्व किनाऱ्यावरही मोठ्या प्रमाणात मिळू लागला. बांगडा अधिक खोल पाण्यात उतरू लागल्याच्या नोंदी आहेत. मच्छीमाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की मासा संपला नाही तरी त्याच्या होडीच्या आणि जाळ्याच्या टप्प्याबाहेर गेला. मोठी यांत्रिक नौका त्याच्या मागे जाऊ शकते; छोटी होडी नाही.

ज्यांना सरकता येत नाही त्यांचे हाल पाहायचे तर पोवळ्यांकडे पाहावे. पोवळे म्हणजे चुन्याचे घर बांधून एका जागी राहणारे इवले प्राणी. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हातून अन्न तयार करून पोवळ्याला देते आणि पोवळ्याला रंगही त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हे शैवाल बाहेर टाकले जाते. पोवळे पांढरेफटक पडते आणि उपासमारीला लागते. लक्षद्वीपच्या पोवळ्यांवर १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी हे संकट आले. दोन आघातांमध्ये सावरायला जो अवकाश मिळायचा, तो कमी होत चालला आहे. पोवळ्यांनी समुद्रतळाचा एक टक्काही भाग व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या जवळपास पाव जाती कधी ना कधी त्यांच्या आसऱ्याला असतात. आपल्या मालवणच्या समुद्रातही पोवळी आहेत. तापमानवाढ दीड अंशावर थांबली तरी जगातली ७० ते ९० टक्के पोवळी जातील आणि दोन अंशांवर जवळपास सगळीच, असे हवामान बदलावरील आंतरसरकारी समितीने २०१८ च्या अहवालात म्हटले आहे.

शिंपल्या-कालवांचा प्रश्न वेगळा. हवेतल्या जादा कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्रात विरघळतो. सोड्याच्या बाटलीतही हाच वायू असतो आणि त्यानेच सोड्याला आंबटसर चव येते. समुद्राच्या पृष्ठभागाची आम्लता कारखानदारीच्या काळापासून पाव हिश्शाहून अधिक वाढली आहे. अशा पाण्यात चुन्याचे कवच बांधणे जड जाते.

आणि कासव. कोकणच्या किनाऱ्यावर, मंडणगड तालुक्यातल्या वेळाससारख्या गावांत, ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या वाळूत खड्डा करून अंडी घालतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. साधारण २९ अंशांच्या आसपास दोन्ही होतात, वाळू गार असेल तर नर अधिक, तापलेली असेल तर माद्या अधिक. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांच्या लहान पिल्लांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या असल्याचे २०१८ मध्ये आढळले. तिथे आज समुद्र कासवांनी भरलेला दिसेल. पण ही पिढी वयात येईल तेव्हा नर कुठून यायचे? सगळीच संकटे डोळ्यांना लगेच दिसत नाहीत, ती अशी.

एकाच चुलीवर

आमचा पाडा डोंगरातला, मग समुद्राशी आमचा संबंध काय, असे कुणाला वाटेल. संबंध आगोटीचा आहे. पावसाळ्यापूर्वी आठवड्याच्या बाजारातून सुकट, सुका जवळा, सुके बोंबील आणून ठेवायचे ही इथल्या घरांची रीत. आषाढ-श्रावणात कणगी तळाला गेलेली असते, लावणीचे काम अंगावर असते, मजुरी हातात पडलेली नसते. त्या दिवसांत पोराबाळांच्या आणि गरोदर बायकांच्या ताटात काय असते? रानातली शेवळे, फोडशी, टाकळा, करटोली; ओढ्यातले खेकडे आणि वलगणीचे मासे; आणि डब्यातली मूठभर सुकट.

म्हणजे या ताटातला अर्धा घास रान देते आणि अर्धा समुद्र. शेवळे पहिल्या सरींच्या खुणेवर उगवते. वलगण पहिल्या लोंढ्यावर. बोंबील वाळायला किनाऱ्यावर कडक ऊन आणि कोरडा वारा लागतो. अवकाळी सर आली की वलांडीवरचा माल कुजतो. अरबी समुद्रात १९८२ ते २०१९ या काळात चक्रीवादळांची संख्या सुमारे निम्म्याने वाढली आहे. जून २०२० मधले ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मधले ‘तौक्ते’ आपण सर्वांनी अनुभवले. मे महिन्यातले वादळ म्हणजे आगोटीच्या ऐन दिवसांतले वादळ. शहरातल्या घरी मासा महागला तर दुसरी भाजी येते. इथे सुकट महागली की त्या जागी दुसरे काही येत नाही, ताट तेवढे रिकामे राहते. जातीजमातींची नावे घेऊन शास्त्रज्ञ जी घट मांडतात, ती आमच्याकडे अंगणवाडीच्या वजनकाट्यावर दिसू शकते.

सगळे खापर हवामानावर नको

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. प्रत्येक नुकसानीला हवामान बदल हेच कारण नसते. बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्लेही उपसली जातात, तेव्हा मासा त्याने कमी होतो. ओढ्यात विषारी पावडर टाकून मासे मारले, डोंगर उघडा केला, नदीत रसायनयुक्त पाणी सोडले, तर दोष पावसाला देता येत नाही. पण या गोष्टी वेगळ्या ठेवूनही चालत नाही. धडधाकट माणूस तापातून उठतो, उपाशी माणूस उठत नाही. जंगल आणि समुद्र आधीच दुबळे केलेले असले, तर हवामानाचा धक्का त्यांना जास्त लागतो. यातच आशाही आहे. जगाचे तापमान आपल्या पाड्याला एकट्याने उतरवता येणार नाही. जिवांचे बळ राखणे मात्र आपल्या हातात आहे.

आपल्या हातातले

पहिले काम वाट मोकळी ठेवण्याचे. जीव सरकणार असतील तर त्यांना सलग झाडी, ओढ्याकाठची सावली, उन्हाळ्यात न आटणारे डोह हवेत. देवराया ही अशी आसऱ्याचीच ठिकाणे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनहक्क मिळतो आणि त्यात जंगल राखण्याचा अधिकारही येतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला असा हक्क २००९ मध्ये मिळाला आणि गावाने स्वतःचे नियम करून जंगल सांभाळले. वलगणीत पहिल्या दिवशी चढणारे मासे सोडून द्यायचे, डोहातले काही डोह राखून ठेवायचे, असे ग्रामसभेने ठरवायला खर्च येत नाही.

किनाऱ्यावर हेच काम कांदळवन करते. तिवरांच्या मुळांत खेकडे, कोळंबी आणि माशांची पिल्ले वाढतात, लाटांचा जोर मोडतो, चिखलात कार्बन साठून राहतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ती माशांना अंडी घालायला उसंत मिळावी म्हणूनच. वेळासला गावकऱ्यांनी २००२ पासून स्वयंसेवी संस्थेच्या साथीने कासवांची घरटी राखली. वाळू फार तापत असेल तर घरट्यांवर सावली करणे हा साधा उपायही जगात अनेक ठिकाणी वापरला जातो.

दुसरे काम नोंदींचे. मोहाचे पहिले फूल कधी पडले, पावशा कधी ओरडला, काजवे कधी दिसले, शेवळे कधी उगवले, वलगण कधी झाली आणि नंतर किती दिवसांनी पाऊस आला, एवढ्या सहा गोष्टी तारखेसह वहीत लिहायला आमच्या मुलांना जमतात. घरातल्या आजी-आजोबांना विचारून पूर्वीचा सुमारही ती लिहितात. जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक गावाची लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. मुलांच्या वह्या तिला चांगला आधार देतील. दहा वर्षांच्या अशा नोंदी हाती असल्या, तर कोणती भेट किती दिवसांनी चुकते हे नेमके सांगता येईल, आणि कुठले झाड लावावे, खाचराचा बांध कुठे घालावा, हे ठरवता येईल.

शहरातल्या वाचकांकडे एक मागणे. वीज, इंधन आणि वाहने यांचा तुमचा-आमचा वापर हवेत काय सोडतो, त्याचा हिशेब घरी करावा. दिवाबत्तीपुरती वीज वापरणाऱ्या पाड्याने ही उष्णता वाढवलेली नाही, पण तिची पहिली झळ तिथल्या चुलीला लागते आहे. पुढच्या वेळी शाळेला भेट द्यायला याल तेव्हा खाऊबरोबर चार कोऱ्या वह्या आणि एक साधे पर्जन्यमापक आणावे. जूनपासून मुले पाऊस मोजायला तयार असतील.